बुधवारचा काढा

२ मार्च २०२५
ता. सालेकसा

स्नेहल,

जय भीम. तू फोन उचलत नाही म्हणून लिहून राहिली. पहिले दोन दिवस घंटी तरी वाजली, आता एक बाई हिंदीत बोलते आणि फोन कटते. आईलेही ब्लॉक करता येते हे मले शामकलेनं सांगतलं. शामकला आठवते ना, आंगणवाडीत माझी मदतनीस होती. तिची पोरगी तुमच्या गोंदियाजवळच्या कुडव्यालेच दिली आहे, म्हणून तिच्याकडून तुमची थोडीफार खबर लागते. नाहीतर मेली का जगली, मले कोण सांगणार होतं.

संघू कसा आहे? एवढं एक मले कळव. जेवते का, पळते का, दवाखान्यातून आल्यावर खोकला पुन्हा उमळला का. बाकी तू मले काही लिहू नको, चालते.

अकरा दिवस तो दवाखान्यात होता आणि त्यातले नऊ दिवस मी व्हरांड्यात बसून काढले. दहाव्या दिवशी तू सर्वांसमोर म्हणली, "आई, तू माझ्या घराची पायरी चढू नको." तुझी सासू निर्मलाबाई बाजूलेच उभी होती. तिच्या तोंडावर कसं समाधान आलं ते मी पाहिलं. मी गप बसली, कारण तिथं दुसऱ्यांचे लेकरं आजारी होते. आता बोलतो.

काय होतं माझ्या काढ्यात? अडुळसा, बेहड्याची साल, तुळशीचे चार पानं, चिमूटभर सुंठ आणि मध. अडुळशाचे पानं पळसाच्या पानात गुंडाळले, वरून माती लिंपली, गोवरीच्या आरात भाजले आणि पिळले. तुझ्या डोळ्यासमोर केलं सारं. चौतीस वर्षं आंगणवाडी चालवली मी, अर्धं गाव माझ्या हातचा काढा पिऊन मोठं झालं. तूही त्यातलीच. आणि आज तू मले म्हणते की मी तुझ्या पोराले पाला पाजला.

मी काही अडाणी बाई नाही. आम्हाले ट्रेनिंग होतं. लेकरू शांत असताना अंगातलं वर करायचं, छातीकडं पाहायचं आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. वर्षाच्या वरचं लेकरू असलं आणि श्वास चाळीसच्या आत असले तर घरी पाहायचं. चाळीस झाले की दवाखाना. संघू अडीच वर्षांचा. मंगळवारी दुपारी तू म्हणली, आई, मोजून पाह. मी मोजले. अडतीस होते. बुधवारी सकाळी बिघडलं, तर त्याले मी काय करणार होती?

तुझे दिवस भरत येऊन राहिले. पाण्याची बादली उचलू नको. अतुल घरी असते तेव्हा त्याले सांग, राईस मिलमधी एवढ्या मशिनी उचलते, घरातली बादली जड नाही होणार.

तुझी आई,
कुसुम


२१ एप्रिल २०२५

स्नेहल,

पोरगी झाली म्हणे.

शामकला सांगत आली तेव्हा मी अंगणात मोहफुलं पसरून राहिली होती. नऊ तारखेला झाली म्हणली. म्हणजे बारा दिवसांची झाली आणि तिच्या आजीले आज समजलं. शामकलेसमोर तोंड पडायले नको म्हणून मी म्हणली, हो, माहीत आहे मले, अतुलचा फोन आला होता. ती बशीतला चहा पिली आणि गेली. तिले समजलं असेल. चौतीस वर्षांपैकी बावीस वर्षं ती माझ्यासोबत होती, तिले माझा आवाज समजते.

मागची खोली मी डिसेंबरातच सारवून ठेवली होती. बाजेची सुंभं नवीन विणून घेतली. संघूच्या बाळंतपणाले आली होती तशी आताही येशील, सव्वा महिना राहशील, असं धरून चालली होती मी. तू सासरीच बाळंत झाली. अंघोळ कोण घालते तुले? निर्मलाबाईच्या गुडघ्यात तर दम नाही.

सध्या पहाटेपासून सारं गाव मोहाखाली असते. दहा वाजेपर्यंत गावात कुत्रे आणि मी. माझ्या वाट्याले घराजवळचं एकच झाड, ते तासाभरात वेचून होते. मग दिवस केवढा मोठा असते, स्नेहल. मले वाटत होतं रिटायर झाली की आराम. आराम कायचा, साठ लेकरांचा कलकलाट गेला आणि घरात नळाचं पाणी गळते तेवढंच ऐकू येते. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाले. त्यांची खुर्ची मी अजून उन्हात टाकतो आणि संध्याकाळी आत आणतो.

एक गोष्ट कबूल करतो. वाराची.

चमेलीकडून मी हे औषध शिकली, तुले माहीत आहे. बेहडा, अडुळसा सारं जंगलातून तीच आणून देते. तिच्या घरचा नेम आहे. पहिला काढा इतवारी, दुसरा बुधवारी, तिसरा पुढच्या इतवारी. देणारा हात एकच पाहिजे आणि मधात दुसऱ्या कोणाचं औषध चालत नाही. मी तो नेम कधीच पाळला नाही. चमेलीले तोंडावर म्हणायची, खोकल्याले कॅलेंडर समजते का गं? तुझ्या बाबांनी आपल्या घरात वार, अंगारा, उतारा कधी शिरू दिला नाही, आणि मलेही ते पटत होतं.

पण जानेवारीतल्या त्या इतवारी तू चारच्या गाडीनं निघायले बॅग भरून ठेवली. दोन दिवस तर आली होती. संघू खोकलत होता, मी काढा दिला, आणि बॅग पाहून माझ्या तोंडातून निघून गेलं, "बुधवारचा काढा माझ्याच हातून पाहिजे, नाहीतर आजचाही वाया जाते." तू हसली. म्हणली, "आई, तू कधीपासून वार मानून राहिली?" मी म्हणली, "औषध ज्याचं, नेम त्याचा." तू बॅग खाली ठेवली आणि अतुलले फोन लावला.

तुले थांबवायले दुसरं काही नव्हतं माझ्यापाशी. संघूले खोकला नसता तर तू गेलीच असती. त्याचा खोकला ऐकून मले त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे लिहायले हात होत नव्हता, पण लिहिलं.

आणि नेम म्हणजे नेम, म्हणून सोमवारी तू गावातल्या नर्सबाईकडून गोळी आणायची म्हणली तेव्हाही मी नको म्हणली. तेही माझंच. तू दवाखान्यात ओरडली ते बरोबर ओरडली.

पण मोजण्यात माझी चूक नाही. ते तू मनातून काढून टाक. अडतीस होते.

पोरीचं नाव काय ठेवणार?

आई


४ ऑगस्ट २०२५

पार्सल परत आलं.

पोस्टमननं दारात टेकवलं, वर लिहून आहे, घेण्यास नकार. त्यात काही औषध नव्हतं, स्नेहल. तुझ्या बाबांच्या जुन्या धोतराची गोधडी होती, तुझ्या पोरीसाठी. मऊ व्हायले दोनदा धुतली होती. उघडून तरी पाहायची होती.

नकार कोणी लिहून दिला, तू का निर्मलाबाईनं, तेही समजायले मार्ग नाही. तिनं असेल असं धरून चालतो.

आई


१९ ऑक्टोबर २०२५

स्नेहल,

पलीकडं मध्य प्रदेशात खोकल्याची बाटली पिऊन लेकरं गेल्याची बातमी आली ना, तेव्हापासून माझ्या अंगणात रांग लागली आहे. बाया घरातल्या बाटल्या उकिरड्यावर फेकून राहिल्या आणि माझ्याकडं येऊन राहिल्या. कुसुमबाई, तुमचा पाला बरा. जानेवारीनंतर याच बाया माझ्याकडं पाहून पदर सावरत होत्या.

खोटं कायले सांगू, पहिले दोन दिवस बरं वाटलं. अंगणात पुन्हा लेकरं आले. तिसऱ्या दिवसापासून मले भीती वाटायले लागली. मी एकेका लेकराले मांडीवर घेतो, घड्याळ धरतो आणि मोजतो. काढा नंतर, मोजणं पहिले. आजपर्यंत किती लेकरं माझ्या काढ्यानं बरे झाले ते मी लोकांले सांगत आली. त्यातले किती तर तसेही बरे झाले असते, हे मी कधी मनात येऊच दिलं नाही.

मागच्या इतवारी चमेली तिच्या नातवाले, सोनूले घेऊन आली. तीन वर्षांचा आहे. मी मोजले, सेहेचाळीस. पुन्हा मोजले, सेहेचाळीस. चमेली म्हणली, आज इतवार आहे, पहिला काढा तर दे. मी म्हणली, एक थेंब देत नाही, तुझ्या पोराले, भूपेंद्रले बोलाव आणि गाडीवर घालून दवाखान्यात ने. ती चिडली. औषध माझं, शिकवलं मी, आणि माझ्याच नातवाले नाही म्हणते? मी भूपेंद्रले स्वतः शेतातून हाक मारून आणलं. सोनू तीन दिवस भरती होता. आता बरा आहे.

शुक्रवारी चमेली सीताफळं घेऊन आली. पायरीवर बसली आणि म्हणली, "बाई, तुझ्या नातवाचे किती होते गं त्या मंगळवारी?"

मी म्हणली, "अडतीस."

"अडतीसवालं लेकरू दुसऱ्या सकाळी निळं पडते?"

"पडते एखादं."

तिनं एक सीताफळ फोडलं, अर्धं मले दिलं आणि दुसऱ्याच गोष्टी काढल्या. कचारगडच्या जत्रेले यंदा कोण कोण जाणार, ते सांगत बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मले झालं. तिचं एकही बोलणं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

खरं म्हणजे मी दुसऱ्याच कारणानं लिहायले बसली होती. शामकलेची पोरगी आली होती दसऱ्याले. ती म्हणली, निर्मलाबाई साऱ्या गल्लीत सांगते, "आई असून हिले पोराचा श्वास समजला नाही, पोरगी तरी हिच्या भरवशावर कशी ठेवायची." अतुलही चिडला की तेच म्हणते म्हणे. नऊ महिने झाले, स्नेहल, अजून तेच?

तू त्यांले सांग ना की आईनं मोजले होते म्हणून. तुझा काय संबंध आहे यात. माझ्यावर टाक सारं. तू तर मले विचारलं होतं, आणि मी

राहू दे. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. संघूची शाळा लागली का? त्याले बोर्नव्हिटा देत असशील तर साखर वरून टाकू नको.

आई


१४ डिसेंबर २०२५, इतवार, सकाळचे दहा

स्नेहल,

अतुल आला आहे. पेट्रोल संपत आलं म्हणून मोडावरच्या किराण्यातून बाटली आणायले गेला. तो येईपर्यंत जेवढं लिहिणं होईल तेवढं लिहितो. अक्षराकडं पाहू नको.

दारात त्याची गाडी थांबली तेव्हा मले वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं. तो म्हणला, "आई, धम्मिका तीन दिवसांची खोकलून राहिली." तेव्हा मले तुझ्या पोरीचं नाव समजलं. चांगलं आहे. मग म्हणला, बाटलीचं औषध द्यायले स्नेहल घाबरते, डॉक्टरकडं गेलो की तेच लिहून देतील म्हणते. तिनं सांगतलं आहे की आईले घेऊन या. आईच्या हातचा काढा देऊ, आणि आई श्वास मोजेल, आईचं मोजणं चुकत नाही.

अकरा महिने झाले मी या निरोपाची वाट पाहून राहिली. मी आत गेली, लुगडं बदललं, केस विंचरले आणि पिशवीत बेहड्याची साल आणि अडुळशाचे पानं टाकले. तेव्हा अतुल बाहेरून म्हणला, सकाळपासून दूधही ओढून नाही राहिली. मी पिशवी खाली ठेवली.

मी पहिले त्याच्याकडून तुले फोन लावायले लावला, धम्मिकेले आत्ताच दवाखान्यात ने म्हणून. तू निघाली असशील. हे पत्र तुले दवाखान्यातच मिळेल. इतवार आहे, मोठे डॉक्टर नसतील, असं म्हणून कोणी परत पाठवलं तर हटू नको, तिथंच बसून राह. आठ महिन्यांच्या लेकराले माझा काढा चालत नाही. वर्षाच्या आत मध बोटावरही लावायचा नाही. दूध सोडलं म्हणजे घरी मोजत बसायचं नसते. तुमच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटं आणि मी दीड तास. माझ्यासाठी ते लेकरू तू थांबवून ठेवलं असतं, म्हणून लिहून राहिली.

आता दुसरं. त्या मंगळवारी अडतीस नव्हते. चोपन्न होते.

मी चुकली नव्हती. पूर्ण एक मिनिट मोजले, मग तू पाणी आणायले गेली तेव्हा अजून एकदा मोजले. चोपन्न. चोपन्न म्हणलं असतं तर तू त्याच पायी गोंदियाले निघाली असती आणि मंगळवारीच घर रिकामं झालं असतं. मले फक्त बुधवार सकाळ पाहिजे होती. काढा देईन, उतार पडेल, मग जाईल, असं मनाले समजावलं. बुधवारी पाहिलं तर त्याचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरनं विचारलं, श्वास कधीपासून फुलला, तर मी म्हणली आज सकाळपासून. तिथंही खोटं बोलली. तू बाजूलेच उभी होती आणि तू माझं खरं मानलं.

आणि तुले आठवत असेल, मी मोजायच्या आधी तू स्वतः मोजले होते. तू म्हणली, "आई, मले पन्नासच्या वर वाटून राहिले." मी तुले हसली. म्हणली, तुले मोजता येत नाही, हात सरकते की श्वास, तेच समजत नाही तुले. अकरा महिने तू तेच धरून बसली असशील. तुझ्या घरचे तुले म्हणतात की आई असून समजलं नाही. तुले समजलं होतं, पोरी. तू बरोबर मोजले होते. मी तुझं मोजणं खोटं पाडलं.

हे अतुलले वाचायले दे. निर्मलाबाईलेही वाचून दाखव, मोठ्यानं. मले लाज वाटते, पण तिनं तुले बोललेलं मले त्याहून सहन होत नाही.

मले आता गाडीवर बसून तुझ्याकडं येता आलं असतं. धम्मिकेले मांडीवर घेतलं असतं. तू मले चहा दिला असता आणि म्हणली असती, आई, तू आली, बरं झालं. ते मले लुगडं बदलताना पाहिजे होतं आणि अजूनही पाहिजे आहे. पण तू बोलावलं ते अडतीसवाल्या आईले. मी ती नाही.

अतुल आला. बाटलीतलं पेट्रोल टाकून राहिला. त्याले म्हणून राहिली की मी येत नाही, तर तो समजून नाही राहिला, चला म्हणते. चिठ्ठी दिल्याशिवाय तो जाणार नाही म्हणून आटपतो.

दवाखान्यात डॉक्टरनं काही विचारलं तर तुझ्या डोळ्याले जे दिसलं तेच सांग. कोणाले विचारू नको. मलेही नको.

तुझी आई